संबळ वाजवणाऱ्याच्या अंगात येत नाही

प्रश्न परभणीहून आला आहे. विचारणारा २२ वर्षांचा, एम.ए. मराठीला शिकणारा मुलगा आहे. तो लिहितो: "सर, मी कविता करतो. खोलीवर येणारे मित्र म्हणतात, मोठे कलावंत सगळे नशा करणारेच होते, शुद्धीत लिहिलेलं सपक होतं. दोन महिन्यांपूर्वी चिलीम ओढून एका रात्रीत ४३ ओळी लिहिल्या. असं आपण आजवर लिहिलंच नव्हतं असं तेव्हा वाटलं. नशेचा आणि कलेचा संबंध खरा आहे का? मी काय करावं?" त्या ४३ ओळी आणि आधीची एक छोटी कविताही त्याने पाठवली आहे.

तुला "नशा वाईट, नादी लागू नकोस" एवढं सांगून मी मोकळा होऊ शकतो. पण त्याने तुझं समाधान होणार नाही, आणि ते पुरतं खरंही नाही. नशेचं आणि कलेचं नातं फार जुनं आहे. मी २७ वर्षं मराठवाड्यात मनोविकारतज्ज्ञ म्हणून काम करतोय. सकाळच्या ओपीडीत दारू, गांजा आणि 'बटन' म्हणतात त्या झोपेच्या गोळ्यांपायी आलेली माणसं बसलेली असतात, आणि रात्री घरी गेल्यावर मी कविता वाचतो. दोन्हीकडून जे दिसलं ते सांगतो.

आधी तुझ्या मित्रांच्या बाजूने बोलू. ऋग्वेदाचं नववं मंडल जवळजवळ अख्खं सोमाला वाहिलेलं आहे, ११४ सूक्तं. सोम म्हणजे नेमकी कोणती वनस्पती यावर अजून एकमत नाही. वॉसन या अभ्यासकाने १९६८ साली ती लाल टोपीची अळंबी असल्याचं मांडलं, बाकी कुणी इफेड्राचं झुडूप धरतात. ते बाजूला ठेव. दहाव्या मंडलातलं ११९वं सूक्त काढ. सोम प्यायलेला इंद्रच इथे बोलतोय असं परंपरा मानते. तो म्हणतो, ही पृथ्वी उचलून इथे ठेवू की तिथे ठेवू? आणि दर ऋचेच्या शेवटी एकच पालुपद, 'कुवित्सोमस्यापामिति', म्हणजे मी सोम प्यालोय की काय! प्यायलेल्या माणसाचा तो अचाट मोठेपणा, तेच तेच पुन्हा बोलणं, मध्येच स्वतःलाच विचारणं, सगळं त्यात हुबेहूब उतरलंय. माझ्या वॉर्डात हे बोलणं मी नेहमी ऐकतो.

आता बोटांवर मोज. 'हन्ताहं पृथिवीमिमां', आठ अक्षरं. 'नि दधानीह वेह वा', आठ. 'कुवित्सोमस्यापामिति', पुन्हा आठ. अशा १३ ऋचा, गायत्री छंदात बांधलेल्या. पृथ्वी उचलायला निघालेला इंद्र झिंगलेला आहे. अक्षरं मोजणारा ऋषी झिंगलेला असेल असं मला वाटत नाही. निदान ते सूक्त पक्कं करताना तरी नक्कीच नसेल.

तुझ्या प्रश्नात दोन प्रश्न एकमेकांत गुंतलेत, असं मला म्हणायचं आहे. कलेत नशा आहे का? आहे, ओतप्रोत आहे. नशेने कला होते का? हा वेगळा प्रश्न आहे, आणि तुझे मित्र पहिल्याचं उत्तर दुसऱ्याला लावतात.

अजिंठ्याला गेलास की पहिल्या लेण्यात मान वर करून छत बघ. परदेशी पेहरावातली, टोकदार टोप्या घातलेली मंडळी बसून मद्यपान करताहेत, हातात प्याले आहेत. पाचव्या शतकातलं काम. सुरईतलं मद्य, जरा सैलावलेली बसण्याची ढब, सगळं चित्रकाराने बघून घेतलंय. आता ते काढलं कसं असेल याचा विचार कर. मातीचा गिलावा, त्यावर चुन्याचा पातळ हात, दगड कुटून वाटून केलेले रंग, अपुरा उजेड, मचाणावर चढून डोक्याच्या वर धरलेला कुंचला. हे करणाऱ्याचा हात कापत नव्हता. तुळजापूरला नवरात्रात सप्तशतीचा पाठ ऐकलास तर त्यात देवीच महिषासुराला म्हणते, 'गर्ज गर्ज क्षणं मूढ मधु यावत्पिबाम्यहम्', मी मधु पिते आहे तोवर गर्जून घे. म्हणजे आपल्याकडे देवी पिते, इंद्र पितो, चित्रातले पाहुणे पितात. कलेला नशेचं वावडं कधीच नव्हतं.

मराठी भाषेलाही नव्हतं. कैफ, झिंग, धुंदी, गुंगी, तंद्री, मस्ती, पिसं, किती शब्द! आणि सगळ्यात नेमका शब्द 'नाद'. घंटेचा नाद, आणि पोरगं नादी लागलं तोही नाद. गाणं आणि व्यसन एका शब्दात बसवणारी भाषा माणसाला चांगलीच ओळखून आहे.

तुझ्या मित्रांना आपल्या मातीतला सगळ्यात मोठा दाखला बहुतेक माहीतच नसेल, तो मीच देतो. सिराज औरंगाबादी, १८व्या शतकातला उर्दू कवी, इथलाच. बारा-तेरा वर्षांचा असताना त्याला उन्मादाची अवस्था आली आणि ती सुमारे सात वर्षं टिकली. खुलताबादच्या बुऱ्हाणुद्दीन गरीब यांच्या दर्ग्याभोवती तो अंगावरच्या कपड्यांचंही भान नसताना भटकायचा. त्या अवस्थेत त्याच्या तोंडून फारसी शेर अखंड बाहेर पडत होते. ते कुणी उतरून घेतले असते तर मोठा ग्रंथ झाला असता, असं त्याने स्वतःच नंतर नोंदवून ठेवलं आहे. उतरून घेतले गेले नाहीत. वाऱ्यावर गेले. आज आपण वाचतो तो सिराज त्या अवस्थेतून बाहेर आल्यावरचा, गुरूच्या पायाशी बसल्यावरचा आहे. ती जगप्रसिद्ध गझल बघ:

'खबर-ए-तहय्युर-ए-इश्क सुन, न जुनूँ रहा न परी रही
न तो तू रहा न तो मैं रहा, जो रही सो बेखबरी रही'

प्रेमाच्या विस्मयाची खबर ऐक, वेड उरलं नाही आणि जिच्यामुळे वेड लागलं ती परीही उरली नाही. तूही नाहीस, मीही नाही, उरली ती फक्त बेखबरी. बेशुद्धीबद्दल यापेक्षा खरं मी काही वाचलेलं नाही, आणि मी हे वाक्य शेकडो बेशुद्ध माणसं पाहिल्यावर लिहितोय. पण ही बेखबरी 'मुतफाइलुन' या गणाच्या चार आवर्तनांत चपखल बसवलेली आहे, एक मात्रा इकडची तिकडे नाही. त्या सात वर्षांचा अनुभव नसता तर ही गझल झाली नसती, हे मी मान्य करतो. पण त्या सात वर्षांत ती झाली नाही, हेही बघ. आणि त्या अवस्थेसाठी त्याला चिलीम लागली नव्हती.

उर्दू गझलेतली शराब तर बहुतेकदा शराब नसतेच. रियाज खैराबादी मद्यावरच्या शेरांसाठी गाजला, त्याने आयुष्यात दारू चाखली नाही. 'मधुशाला' लिहिणारे हरिवंशराय बच्चन न पिणारे. आपल्या माधव ज्यूलियनांनी १९२९ मध्ये उमर खय्यामच्या रुबाया मराठीत आणल्या त्या फारसी शब्द आणि वृत्त यांच्याशी झुंजत, कोश उघडे ठेवून. केशवसुतांची 'झपूर्झा' १८९३ची. हर्ष-खेद दोन्ही मावळल्यानंतरची जी अवस्था तीत आहे, तिला मराठीत शब्द नव्हता म्हणून त्यांनी पोरींच्या झिम्मा-फुगडीतला आवाज उचलला. हे सुचायला कान लागतो.

आता इंग्रज कवी कोलरिज, ज्याचं नाव तुझ्या मित्रांनी घेतलंच असणार. 'कुब्ला खान' १८१६ साली छापताना त्याने प्रस्तावनेत लिहिलं की औषधाच्या गुंगीत झोप लागली, झोपेत दोन-तीनशे ओळी रचल्या गेल्या, उठून उतरवत होतो तेवढ्यात पोरलॉक गावाहून कुणी कामासाठी आला आणि बाकीचं विसरलं. उरल्या ५४ ओळी. या गोष्टीने दोनशे वर्षं तरुण कवींना भुरळ घातली आहे. पण या कवितेची त्याच्या हातची प्रत १९३४ मध्ये उजेडात आली. तिच्यात आणि छापील कवितेत फरक आहेत. कवितेतल्या डोंगराचं नावसुद्धा बदललेलं आहे. म्हणजे मधल्या काळात त्याने ती हाताळली, घासली. ते औषध म्हणजे अफू, आणि तिचं पुढे काय झालं ते कुणी सांगत नाही. १८१६ मध्येच तो लंडनजवळच्या हायगेटला एका डॉक्टरच्या घरी राहायला गेला, अफू आटोक्यात राहावी म्हणून. १८३४ मध्ये वारला तो त्याच डॉक्टरकडे. १८ वर्षं एक कवी डॉक्टरच्या देखरेखीखाली. मी तो डॉक्टर असतो तर काय केलं असतं, असं पुष्कळदा माझ्या मनात येतं.

फ्रेंच कवी बोदलेरचं नाव घेणारे त्याचं पुस्तक उघडत नाहीत, याचं मला वाईट वाटतं. हशीशवर, म्हणजे गांजाच्याच झाडाच्या नशेवर, त्याने १८६०च्या पुस्तकात जे लिहिलं ते गांजाच्या विरोधात मी वाचलेलं सर्वात समंजस लिखाण आहे. त्या काळी पॅरिसमध्ये हशीश हिरव्या मुरंब्यासारखं चाटवलं जायचं, आपल्याकडच्या भांगेच्या माजूमचं भावंड. बोदलेर म्हणतो, त्यात तुला नवं काही दिसत नाही, तुझं तुलाच मोठं करून दिसतं. आणि चमचाभर मुरंब्यात स्वर्ग मिळवणारा माणूस तो कष्टाने कधी मिळवणार नाही. कवीचं भांडवल म्हणजे इच्छाशक्ती, आणि हशीश नेमकी तीच पोखरते.

हे बोदलेरला अनुभवाने कळलं, आज आपल्याला थोडं मेंदूतूनही सांगता येतं. एखादी गोष्ट महत्त्वाची आहे, तिच्याकडे बघ, असा शिक्का मारण्याचं काम मेंदूत डोपामिनच्या वाटेने होतं. गांजातल्या टीएचसी या नशा आणणाऱ्या द्रव्याने हा शिक्का सैल होतो. साध्या गोष्टीवरही 'महत्त्वाचं' असं उमटतं. भिंतीचा पोपडा, पंख्याची घरघर, आपलीच ओळ, सगळ्याला खोल अर्थ असल्याची प्रतीती येते. प्रतीती खरी असते, अर्थ असेलच असं नाही. ऑलिव्हर वेन्डेल होम्स या अमेरिकन डॉक्टर-लेखकाने इथर हुंगून पाहिलं होतं. विश्वाचं रहस्य सापडल्याची खात्री पटली म्हणून त्याने धडपडत ते कागदावर लिहून ठेवलं. शुद्धीवर येऊन वाचलं तर लिहिलं होतं, सगळीकडे टर्पेंटाइनचा उग्र वास भरून राहिला आहे. १८७०च्या भाषणात हे त्याने स्वतः सांगितलं.

म्हणजे नशा कवीपेक्षा आधी त्याच्या पहिल्या वाचकाला चढते. तो वाचक तूच. लिहिणारा जेवढा होता तेवढाच राहतो, पारखणारा मात्र प्रत्येक ओळीला वाहवा देत सुटतो.

दुसरी अडचण स्मृतीची. टीएचसी मेंदूच्या हिप्पोकॅम्पस या भागातल्या ग्राहींवर (रिसेप्टर्सवर) बसतं, तिथे नुकतंच घडलेलं क्षणभर धरून ठेवलं जातं. ते सुटतं. वाक्याच्या शेपटापर्यंत येईतो डोकं विसरलेलं असतं. उपमेला दोन टोकं लागतात, दोन्ही एका वेळी मनात धरावी लागतात. एक टोक निसटलं की शब्द अर्थाला सोडून आवाजामागे धावतात.

प्रयोगही झाले आहेत. २०१५ मध्ये नेदरलँड्समधल्या एका अभ्यासात नियमित गांजा घेणाऱ्यांना टीएचसीचा कमी (५.५ मिलिग्रॅम) आणि जास्त (२२ मिलिग्रॅम) डोस देऊन नव्या कल्पना सुचण्याची चाचणी घेतली. कमी डोसने फरक पडला नाही, जास्त डोसने कामगिरी घसरली. मी प्रामाणिकपणे उलट बाजूचाही सांगतो. २०१२ मध्ये अमेरिकेत तरुणांना रक्तात सुमारे ०.०७५ टक्के होईल एवढी दारू देऊन शब्दकोडी घातली. तीन शब्द द्यायचे, त्यांना जोडणारा चौथा शोधायचा. मराठीत म्हणशील तर विडा, पुस्तक, केळ: उत्तर 'पान'. प्यायलेल्यांनी अशी कोडी जास्त आणि लवकर सोडवली. मन सैल झालं की लांबचे दुवे पटकन जुळतात, हे खरं आहे. पण कविता कोड्यासारखी एका शब्दात संपत नाही. 'पान' सापडल्यावर ते कुठे ठेवायचं, कुठे काढून टाकायचं, हे सैल मनाचं काम नाही. आणि ते प्रमाण आपल्याकडे गाडी चालवायला कायद्याने जी मर्यादा आहे तिच्या अडीचपट आहे.

मग सैलपणा आणायचा कुठून? याचं उत्तर मला वैद्यकाच्या पुस्तकात मिळालं नाही, घरात मिळालं. मी धाराशिव जिल्ह्यातला. आत्या देवीची आराधी होती. गोंधळ घातला की मध्यरात्र उलटल्यावर तिच्या अंगात यायचं. दिवटीचा हलता उजेड, तुणतुण्याची एकसुरी तार, संबळाची चढत जाणारी लय. आत्याचे केस सुटायचे, आवाज बदलायचा. दिवसभराचा उपास असायचा, नशेचा थेंब नाही. आज डॉक्टर म्हणून मला माहीत आहे की लय, जागरण, उपास आणि भोवतालच्या माणसांची अपेक्षा एवढ्यावर मेंदू त्या अवस्थेला जाऊ शकतो. लहानपणी मी आत्याकडे टक लावून बघायचो. मोठेपणी एकदा माझी नजर संबळ वाजवणाऱ्यावर गेली. त्याच्या अंगात कधीच येत नव्हतं. तो तिच्या पावलांकडे बघत असायचा. तोल जायला लागला की लय एक पायरी खाली आणायचा, ती थकली की मधेच दोन ठोके मोकळे सोडायचा, पहाटे अलगद उतरवून आणायचा. तो भानावर होता म्हणून ती बेभान होऊ शकत होती. लिहिणाऱ्याच्या आत ही दोन्ही माणसं लागतात. चिलीम ओढली की आत्या नाचते खरी, पण संबळवालाही उठून नाचायला लागतो.

जात्यावर बसलं की ओवी सुचते, असं आपल्याकडे म्हणतात. ती नुसती म्हण नाही. हेमा राईरकर आणि गी पॉइत्व्हँ यांनी सुरू केलेल्या कामातून महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांतल्या बायकांच्या एक लाखाहून जास्त ओव्या गोळा झाल्या. आपल्या माजलगावच्याही त्यात आहेत. पहाटेची अर्धी झोप, दगडाची घरघर, खांद्याची तीच तीच हालचाल. मन सैल होतं आणि हात कामात पक्का असतो.

आता एक माणूस तुला जवळून दाखवतो. ओळख पटू नये म्हणून गाव सांगत नाही. दुकानांच्या पाट्या रंगवायचा. अक्षर असं की लोक तालुक्याहून बोलवायला यायचे. फ्लेक्स आला, काम गेलं, दारू वाढली. माझ्याकडे आला तेव्हा सकाळी कपबशी धरता येत नव्हती. म्हणाला, "सायब, हात ठरंना. नव्वद मारली की रेघ सरळ येती." हे खरं होतं आणि हीच त्याची फसवणूक होती. दारू मेंदूचा ब्रेक दाबून धरते. रोज दाबला की मेंदू तोल सांभाळायला एक्सलरेटर वाढवून ठेवतो. दारू उतरली की उरतो नुसता एक्सलरेटर, म्हणून थरथर. त्याला वाटत होतं दारूने हात स्थिर होतो. हात कापत होता तो दारूनेच.

घरच्यांनी चिडून त्याला कोंडून दारू एकदम बंद केली होती. असं कधी करू नये, जीव जाऊ शकतो. तिसऱ्या दिवशी तो वॉर्डात चादरीवरून न दिसणाऱ्या मुंग्या वेचत होता. घामाने भिजलेला, भिंतीच्या कडेला बोट दाखवून हसत होता. आम्ही बी-१ची इंजेक्शनं दिली, मेंदू शांत करणारी औषधं दिली, रात्रभर नर्स बसून राहिली. पाचव्या दिवशी माणूस ताळ्यावर आला. नंतर त्याने सांगितलं, "लई बारीक माणसं व्हती. फेटे बांधलेली. भिंतीच्या कडंनं दिंडी चालली व्हती."

चार महिन्यांनी तो तपासणीला आला तेव्हा पिशवीतून ड्रॉइंगचा कागद काढला. पेन्सिलीने काढलेली दिंडी होती, टाचेएवढे वारकरी, पताका, एका बाईच्या डोक्यावर तुळस. मी मोजले, ३७ होते. एका फेट्याजवळचा कागद खोडून खोडून पातळ झाला होता. "चारदा खोडला. घडी बसंना," म्हणाला. आणि मग जे म्हणाला ते मी त्याच्या केसपेपरवरच लिहून ठेवलंय: "तवा दिसत व्हतं पर काढता येत नव्हतं. आता दिसत नाही, आठवून काढाया लागतं."

उर्दू कथाकार मंटोबद्दल तू विचारशील, ते रास्त आहे, कारण तो माझ्या म्हणण्यात बसत नाही. शेवटच्या वर्षांत तो भयानक पीत होता आणि त्याच वर्षांत मोठं लिहीत होता. दारू सुटावी म्हणून त्याला लाहोरच्या मनोरुग्णालयात भरती व्हावं लागलं होतं, आणि 'टोबा टेकसिंग' वेड्यांच्या इस्पितळातली कथा आहे. त्याची लेखणी इतकी घडलेली होती की ती दारूच्या विरोधातही चालली, एवढंच मी म्हणू शकतो. १९५५च्या जानेवारीत तो यकृत निकामी होऊन गेला, वय ४२. त्याच वर्षी डिसेंबरात उर्दू कवी मजाज लखनवी गेला, थंडीच्या रात्री दारूच्या अड्ड्याच्या गच्चीवर सोबती त्याला सोडून गेले होते. वय ४४. त्याचा 'आहंग' हा कवितासंग्रह १९३८चा. तेवढ्या ताकदीचं पुढे त्याच्या हातून फार थोडं झालं. तुझ्या मित्रांच्या यादीत हा असतो का?

मराठीत नशेवरचं सर्वात खोल लिखाण 'एकच प्याला'. राम गणेश गडकरी १९१९च्या जानेवारीत गेले आणि नाटक फेब्रुवारीत रंगमंचावर आलं, पदं गुर्जरांना लिहावी लागली. सुधाकर पहिला प्याला मजेसाठी घेत नाही. वकिलीची सनद काही काळापुरती गेली, अपमान झाला, ते दुःख विसरायला घेतो. आणि त्या नावातला 'एकच' बघ. तो शब्द मी २७ वर्षं ओपीडीत ऐकतोय, त्याच सुरात. गडकऱ्यांनी घडवलेला तळीराम तर इतका जिवंत निघाला की ३१ डिसेंबरच्या बातम्यांत तो आजही सामान्यनाम म्हणून छापून येतो. दारूचं इतकं अचूक निरीक्षण करायला माणूस मैफलीत बसलेला चालतो, पण त्याचे डोळे उघडे हवेत.

आता तुझ्या ओळी. मी त्या तीनदा वाचल्या. सुरुवात अशी आहे: 'काळ हा काळाच्या काळजात काळा काळा / अनंत अनंताला अनंतात बोलवतो'. हे शब्द आवाजामागे धावताहेत, वर सांगितलं ते हेच. असं २८ ओळी चालतं. मग २९वी ओळ: 'बोंड उलावं तसा चंद्र उलला'. इथे मी थांबलो. ही ओळ कवीची आहे. कापसाचं बोंड रात्रीतून कसं उलतं, आतला पांढरा कसा फुगून बाहेर येतो, हे ज्याने वेचणीच्या दिवसांत पहाटे शेतात उभं राहून पाहिलंय त्यालाच हे सुचेल. पण ३०व्या ओळीला तुझ्या हातून तो चंद्र सुटला, तू पुन्हा अनंताकडे गेलास. ती ओळ चिलमीने दिली असं तुला वाटतं. ती शेताने दिली होती, चिलमीने तिच्या पुढची ओळ खाल्ली.

आणि तुझी जुनी कविता, जी तू 'साधी आहे' म्हणून शेवटी जोडलीस: 'मोंढ्यात पोत्यावर निजलेला बाप / भाव ऐकायच्या आधी जागा होतो'. यात एकही मोठा शब्द नाही. सोयाबीनचं पोतं, रात्रीचा मोंढा, सकाळच्या सौद्याची धास्ती, सगळं दोन ओळींत आहे. ही लिहिताना तुझा संबळवाला जागा होता.

डॉक्टर म्हणून काही गोष्टी विचारतो, त्यांची उत्तरं मला हवी आहेत. घरात, आजोळी, कुणाला कधी वेड लागल्यासारखं, संशय, आवाज ऐकू येणं, असं काही झालं होतं का? असेल तर तुझ्यासाठी गांजा इतरांपेक्षा कितीतरी जास्त धोक्याचा आहे. ज्या वाटेने तुझी ओळ तुला अफाट वाटली, त्याच वाटेने पुढे शेजाऱ्याचं खोकणं माझ्यासाठीच आहे, टीव्हीवरचा माणूस मला खूण करतोय, असं वाटायला लागतं. तुझ्याच वयाची पोरं मी या अवस्थेत पाहिली आहेत, त्यातली दोन कविता करणारी होती. त्या रात्रीनंतर पुन्हा किती वेळा ओढली? न ओढता लिहायला बसलास तर बसवतं का, की हात आखडतो? झोप कशी आहे? मित्र 'बटन' देतात का? गांजाच्या जोडीला त्या झोपेच्या गोळ्या आणि दारू एकत्र आल्या की श्वास मंदावतो, हे त्या मित्रांनाही सांग. गांजा जवळ ठेवणं १९८५च्या कायद्याने गुन्हा आहे, तेही खोलीवर येणाऱ्यांना ठाऊक असू दे.

बोलायचं असेल तर १४४१६ हा मानसिक आरोग्यासाठीचा टेलिमानसचा फोन दिवसरात्र चालतो, व्यसनासाठी १४४४६ आहे, दोन्हीला पैसे लागत नाहीत. परभणीच्या जिल्हा रुग्णालयातही दाखवता येईल. घरी कळेल या भीतीने थांबू नकोस. आम्हा डॉक्टरांना गोपनीयता पाळावीच लागते, तसा कायदा आहे.

लिहिण्याचं म्हणशील तर त्या ४३ ओळी फाडू नकोस. वेगळ्या पानावर फक्त २९वी उतरून घे आणि बाकीचं पान बंद कर. या आठवड्यात गावी जाणं होत असेल तर पहाटे शेतात जा. बोंड उलताना आधी कुठून फाकतं, पाकळ्या किती होतात, दव पडलेला कापूस हाताला कसा लागतो, ते बघून ये. मग ३०वी ओळ लिही आणि मला पाठव.